अर्ध्यात अडकलेला पॉवर टप हाताने कसा हलवायचा?

प्रश्न: माझ्याकडे 1960 च्या दशकातली अमेरिकन कन्व्हर्टिबल आहे, म्हणजे कापडी टप मागे मिटता येणारी गाडी. टप हायड्रॉलिक आहे, म्हणजे मोटरवरच्या पंपाने ऑईलचा दाब देऊन हलणारा, बटणावर चालतो. काल टप लावताना तो मध्येच थांबला. आता बटण दाबलं की मागच्या सीटमागून मोटरची घरघर ऐकू येते, पण टप जागचा हलत नाही. दोघांनी मिळून ओढून पाहिला, फार जड लागला म्हणून सोडून दिला. टप हाताने लावता येतो का? जोर लावला तर काही मोडेल का?

उत्तर: हाताने लावता येतो. आणि जड लागल्यावर तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत. या गाड्यांचे टप मी बरीच वर्षं दुरुस्त करतो आहे. पंप बिघडून झालेलं नुकसान मी जितकं पाहिलं, त्यापेक्षा बिघडलेल्या पंपाशी माणसांनी केलेल्या ओढाताणीचं कितीतरी जास्त पाहिलं आहे.

तुम्हाला जे जड लागलं ते टपाचं वजन नव्हतं. त्या काळातल्या अनेक गाड्यांना हाताने चालवायचा टप मूळ किमतीत यायचा आणि पॉवर टपासाठी वेगळे पैसे मोजावे लागायचे. कमानी, बाजूच्या पट्ट्या, सांधे असा सांगाडा दोन्हींत जवळपास तोच असायचा आणि हातटपवाला मालक एकटा तो लावायचा. म्हणजे तुम्हाला अडवत होते ते मागच्या सीटच्या दोन बाजूंना उभे असलेले दोन सिलिंडर. ते सांगाड्यापासून सुटे केले की पॉवर टपाचा हातटप होतो. सुटे न करता ओढलात, तर तुमचा सगळा जोर सिलिंडरच्या बारीक दांड्यावर आणि सांगाड्याच्या सांध्यांवर जातो.

अडतं कुठे तेही समजून घ्या. सिलिंडरला दोन नळ्या असतात, एक खाली आणि एक वर. पंपाने खालच्या नळीतून ऑईल ढकललं की दांडा वर येतो आणि वरच्या कप्प्यातलं ऑईल दुसऱ्या नळीने पंपाकडे परततं. मोटर उलटी फिरली की सगळं उलट होतं. मोटर बंद असताना तुम्ही टप हाताने दाबता, तेव्हा तेच ऑईल तुम्हाला बोटाएवढ्या नळीतून आणि थांबलेल्या पंपाच्या दातऱ्यांमधल्या फटीतून ढकलावं लागतं. ऑईल हळूहळू झिरपतं, पण घाई सहन करत नाही. म्हणून सावकाश दाबलं तर टप थोडा थोडा सरकतो आणि हिसका दिला की भिंतीला धडकल्यासारखा थांबतो.

मात्र सीट उचकटण्याआधी पाच मिनिटं थांबून ऐका. मोटर काय बोलते त्यावरून बरंच काही कळतं.

तुमची मोटर घरघरते, म्हणजे वीज पोचते आहे. फिरण्याचा आवाज हलका आणि मोकळा येत असेल, तर बहुधा पंपाच्या टाकीतलं ऑईल कमी झालं आहे आणि पंप हवा घोळतो आहे. आवाज जड, दबलेला, कण्हल्यासारखा येत असेल, तर पंप दाब देतो आहे पण टप कुठेतरी अडकला आहे. अशा वेळी बटण ताबडतोब सोडा आणि सांध्यांमध्ये काय आलंय ते शोधा. टप मिटून बसतो त्या मागच्या खळग्यात ठेवलेली छत्री, कापडाची घडी, सीटबेल्टचा पट्टा, यांतलं काहीही असू शकतं. नुसता 'टक' असा आवाज येऊन मोटर गप्प राहत असेल तर बॅटरी उतरलेली असते किंवा अर्थिंग गंजलेलं असतं. इंजिन चालू ठेवून पुन्हा बटण दाबून बघा, कारण ही मोटर बराच करंट ओढते आणि अर्ध्या बॅटरीवर ती हलत नाही. काहीच आवाज नसेल तर थोडा वेळ थांबा. बऱ्याच गाड्यांत या सर्किटवर तापून तुटणारा आणि गार झाल्यावर आपोआप जुळणारा ब्रेकर असतो.

मोटर ठणठणीत असून फक्त बटण किंवा रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारा स्विच) मेलेला असेल, तर हाताने ओढायची गरजच नाही. त्या काळातल्या बहुतेक मोटरना दोन वायरी जातात, एक टप वर नेण्यासाठी आणि एक खाली आणण्यासाठी. अर्थिंग मोटरच्या बॉडीतून मिळतं. वाटेत फ्यूज असलेली जाड वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणून हव्या त्या वायरीला थेट दिली की टप चढतो. अर्थिंगची जोडणी आधी पक्की करा. शेवटची जोडणी, जिथे ठिणगी उडते, ती बॅटरीपासून लांब मोटरपाशी करा. टप बसला की लगेच वायर काढा, कारण ही मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नाही. गाडी 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धातली असेल तर ती 6 व्होल्टची असण्याची शक्यता मोठी आहे. तिला 12 व्होल्ट देऊ नका.

तुमच्या बाबतीत आधी ऑईल बघा, पण हाताला येईल ते ओतू नका. जुन्या गाड्यांत या पंपात ब्रेक ऑईल असायचं, पुढच्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आलं. दोन्हींचे रबरी सील वेगळे असतात. चुकीचं ऑईल गेलं की सील फुगतात, मऊ पडतात आणि महिन्याभरात दोन्ही सिलिंडर गळायला लागतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघाच, पण मधल्या मालकाने काय भरलं असेल याचा भरवसा नसतो. मी टाकीतल्या ऑईलचा एक थेंब पेलाभर पाण्यात सोडतो. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळून जातं, गिअरबॉक्सचं ऑईल तवंग धरून वर तरंगतं. ब्रेक ऑईल निघालं तर गाडीच्या रंगाला एक थेंबही लागू देऊ नका. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

ऑईल भरूनही टप हलला नाही, किंवा जमिनीवर ओघळ दिसला, तर सिलिंडर सोडवायचे. त्याची रीत सांगतो.

गाडी सपाट जागी, वाऱ्याच्या आडोशाला घ्या आणि हँडब्रेक लावा. अर्धा उघडा टप म्हणजे शीडच असतं. वारा आत शिरला तर दोन माणसांनाही तो आवरत नाही. चारही काचा खाली घ्या. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हा टप्पा कधीही गाळू नका. तुमचा हात सांध्यात असताना कुणाचा कोपर बटणाला लागला, तर पंपाला तुमचं बोट आणि टपाची पट्टी यांतला फरक कळत नाही. सुट्या झालेल्या दांड्याने बाजूचं पॅनेल आतून फोडल्याचंही मी पाहिलं आहे.

आता टपाला आधार द्या. अर्ध्यात थांबलेला टप त्या सिलिंडरांच्या जोरावरच उभा असतो. पिन काढली की तो पुढे तरी कोसळेल किंवा मागे तरी. दोन माणसं दोन बाजूंना उभी करा, किंवा पुढच्या आडव्या पट्टीखाली जाड फडकं गुंडाळलेली फळी सीटवर टेकवून लावा. मी दोन्ही करतो. माणूस कंटाळतो, फळी कंटाळत नाही.

मागच्या सीटची बैठक काढा, मग पाठ काढा, त्यानंतर बाजूची दोन पॅनेलं काढा. आत दोन्हीकडे सिलिंडर दिसतील. त्यांचं खालचं टोक बॉडीला असतं आणि वरचा चकचकीत दांडा सांगाड्याच्या एका हाताला पिनने किंवा बोल्टने जोडलेला असतो. आपल्याला फक्त हे वरचं टोक सोडवायचंय. काही उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. वॉशर, बुश (पिनभोवतीची छोटी नळकांडी) आणि क्लिप कुठल्या क्रमाने आहेत ते नंतर आठवत नाही, आणि एक बुश उलटा बसला की टप कायमचा एका अंगाला ओढतो.

यात खरं कसब पिन काढण्यात आहे. नट किंवा क्लिप काढल्यावरही पिन घट्टच राहील, कारण टपाचं वजन तिच्यावर आहे. इथे हातोडी उचलू नका. साथीदाराला सांगा की टप पुढच्या कोपऱ्याला धरून अगदी नखभर वर घे, आता नखभर खाली. त्याच वेळी तुम्ही पिन चिमटीत धरून फिरवत राहा. आधी ती मुळीच फिरणार नाही. मग एका क्षणी दोन बोटांत अलगद फिरायला लागेल. तेव्हा पिनवर वजन उरलेलं नाही, आणि साथीदाराला 'बस, इथेच धर' म्हणायचं. पिन आपोआप बाहेर सरकते. दुसऱ्या बाजूची पिनही अशीच काढा. पहिली पिन निघाल्यावर टपाचं सगळं वजन दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर जातं, म्हणून त्या दोन मिनिटांत टप नखभरापलीकडे हलवू नका.

सुटलेले दांडे खाली दाबण्याची झटापट करू नका. ऑईल आहे तोवर ते सावकाशच जातील. सांध्यांच्या वाटेतून बाजूला झुकवा आणि बॉडीला दोरीने बांधून ठेवा. चकचकीत भागाला पक्कड कधीच लावू नका. त्या दांड्यावर उठलेला एक ओरखडा दर वेळी सील कापत राहतो.

आता टप लावा. एक माणूस डावीकडे, एक उजवीकडे. धरायचं ते पुढच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यांपाशी. कापडाला धरायचं नाही, मधल्या कमानींना धरायचं नाही, आणि जिथे दोन पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात तिथे बोट न्यायचंच नाही. दोघांनी एकाच लयीत जायचं, एकाने मोजायचं. एक बाजू वीतभरही पुढे गेली तर सांगाडा पिळतो. टप मध्यावरून पुढे जाताच वजन उलटतं. तोवर तुम्ही उचलत असता आणि पुढच्या क्षणी तो तुम्हाला ओढायला लागतो. तिथे सोडून न देता सावरत खाली न्यायचा. हातटपाच्या काही गाड्यांना वजन तोलायला स्प्रिंग असायच्या, तुमच्यात त्या बहुधा नसतील. त्यामुळे शेवटचा हातभर प्रवास अपेक्षेपेक्षा जड जातो.

पुढची पट्टी विंडस्क्रीनच्या फ्रेमवर टेकली की तिच्या खुंट्या भोकांत बसतात का ते बघा आणि मग खटके लावा. आधी एक अर्धवट अडकवा, मग दुसरा, मग दोन्ही पूर्ण. एक पूर्ण आवळून दुसऱ्याशी झगडत बसलात तर तो कधीच पोचणार नाही. थंडीत किंवा बरेच दिवस मिटून ठेवलेला टप दोन बोटं अंतर राखून अडतो. कापड आक्रसलेलं असतं. त्याला लटकू नका. गाडी तासभर उन्हात ठेवा किंवा उबदार जागी न्या. तेवढ्यानेच कापड सैल पडतं आणि खटके पोचतात.

टप उघडून मागे मिटताना क्रम उलटा, आणि एक काम वाढतं. मागची खिडकी प्लास्टिकची आणि चेनची असेल तर आधी चेन उघडून ती खळग्यात सपाट ठेवा, वर मऊ कापड घाला. घडी पडलेलं प्लास्टिक पुन्हा सरळ होत नाही आणि थंडीत ते सरळ तडकतं. टप मिटत असताना एकाने कमानींमध्ये अडकणारं कापड बाहेर ओढत राहावं. टप ओला असेल तर मिटू नका, आत बुरशी धरते.

सीट काढायला वेळ नसेल, पाऊस डोक्यावर आला असेल, तर काही जण सिलिंडरच्या नळ्यांचे नट ढिले करून ऑईल वाहू देतात. त्याने टप मोकळा होतो हे खरं. पण त्या नळ्या बहुधा सीटमागेच असतात, म्हणजे सीट काढावीच लागते, वर ऑईल गालिच्यात मुरतं आणि सिस्टीममध्ये हवा शिरते. मी हा मार्ग पिन गंजून अडकली असेल तरच घेतो, खाली ट्रे आणि भरपूर चिंध्या ठेवून. पुढच्या काळातल्या अनेक युरोपियन गाड्यांत पंपावरच बायपास स्क्रू दिलेला असतो. तो मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा फिरवला की ऑईलला मोकळी वाट मिळते आणि सिलिंडर न सोडवताही टप हाताने हलतो. तुमच्या गाडीच्या पंपावर असा स्क्रू बहुधा मिळणार नाही. पंपावरचे इतर स्क्रू बायपास समजून सैल करू नका.

ही सगळी रीत कापडी टपाची आणि हायड्रॉलिक सिलिंडरची आहे. फोर्ड स्कायलाइनर, 1957 ते 1959 मधली, हिचं छत पत्र्याचं. ते मोटर, रिले, लिमिट स्विच (भाग ठरल्या जागी पोचला की मोटर थांबवणारे) आणि 600 फुटांच्या आसपास वायरिंग यांच्या ठरलेल्या क्रमावर हलतं. 1961 ते 1967 च्या चार दारांच्या लिंकन कॉन्टिनेंटलचा टप कापडी आहे, पण डिकीचं झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर उघडतं आणि ते पूर्ण उघडल्याशिवाय टपाला वाट मिळत नाही. अशा गाड्यांत आधी कुठला भाग सोडायचा हे वर्कशॉप मॅन्युअल समोर ठेवूनच ठरवा. अंदाजाने ओढलेला एक भाग दुसऱ्याच्या वाटेत येतो.

जोर लावला तर काय मोडतं, असं तुम्ही विचारलंत. मी हे काम शिकत असताना एका गाडीचा टप असाच अर्ध्यात अडकला होता. मालकाला घाई होती, मलाही. डावीकडून मी एकटाच जोर लावला, सिलिंडर जोडलेलेच होते. टप हातभर गेला आणि 'कट्' असा आवाज आला. दांडा वाकला होता, आणि बाजूच्या पट्टीचा ओतीव सांधा बिजागरीपाशी तडकला होता. सिलिंडर बाजारात मिळाला. तो सांधा मात्र त्याच सालच्या दुसऱ्या गाडीवरून मिळेपर्यंत ती गाडी कित्येक महिने उघडी पडून राहिली. ओतीव धातूचे हे सांधे वाकून इशारा देत नाहीत, एकदम तुटतात. तेव्हापासून सिलिंडर जोडलेला असताना मी एका हाताने जेवढं ढकलता येईल त्याच्या पुढे जात नाही.

टप लागला, खटके बसले, की गाडी दुरुस्तीला न्यायला हरकत नाही. खटके बसत नसतील तर मात्र टप पूर्ण मिटून, बांधून, उघड्या गाडीनेच जा. न अडकवलेला टप वेगात वारा धरतो आणि उलटा मागे फेकला जातो. बॅटरीची तार जोडाल तेव्हा पंपाच्या वायरी काढून ठेवा आणि त्यांची टोकं टेपने झाका.

दुरुस्ती झाल्यावर दांडे लगेच सांगाड्याला जोडू नका. टप बंद आणि खटके लावलेलेच राहू द्या. दांडे मोकळे, सांध्यांपासून दूर ठेवून बटण दाबा आणि दोन्हीकडे बघा. दोन्ही सोबत, सारख्या वेगाने वर यायला हवेत. एक रेंगाळत असेल किंवा गचके देत असेल तर आत हवा आहे. टाकी भरत, वर-खाली करत राहा. काही फेऱ्यांत बुडबुडे थांबतात. टाकीची पातळी टप कुठल्या स्थितीत असताना बघायची ते मॅन्युअलप्रमाणे करा. दांडे बाहेर असताना सिलिंडरमध्ये जास्त ऑईल मावतं, त्यामुळे तेवढं टाकीत कमी दिसतं. ती कमी समजून काठोकाठ भरली, तर दांडे आत जाताना ऑईल बाहेर येतं. दांडे सारखे चालायला लागले की बॅटरीची तार पुन्हा काढा, फोटो समोर ठेवा, पिनला ग्रीसचं बोट लावा आणि ती हाताने आत सरकते का बघा. सरकत नसेल तर दांड्याची उंची जुळलेली नाही. तार लावून, हात बाहेर ठेवून, बटणाला हलका स्पर्श देत दांडा भोकासमोर आणा, तार काढा आणि मग पिन घाला.